न उडणारी माशी: डोळ्यातलं जेल पडद्यापासून सुटतं तेव्हा

वर्तमानपत्र वाचताना ओळींवरून एक काळा तंतू सरकतो. नजर त्याच्यामागे नेली की तो पुढे पळतो, नजर थांबवली की क्षणभर डुलतो आणि हळूच खाली उतरतो. रात्री दिवा न लावता बाथरूमकडे जाताना कानशिलाच्या बाजूला कुणी फोटो काढल्यासारखं लख्खकन चमकतं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला हे दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झालं, तर बहुतेक वेळा डोळ्यातलं जेल मागच्या पडद्यापासून सुटत असतं. डॉक्टरांच्या कागदावर त्याला ‘पी.व्ही.डी.’ (पोस्टेरिअर व्हिट्रियस डिटॅचमेंट) लिहितात.

केस पिकण्याइतकीच ही वयाची गोष्ट आहे. अडचण एवढीच, की सुटताना काही जणांचा पडदा फाटतो, आणि पडदा न फाटलेल्याला दिसणारी माशी, म्हणजे तो तरंगणारा तंतू किंवा ठिपका, व फाटलेल्याला दिसणारी माशी सुरुवातीला अगदी सारखी असू शकते. स्वतःला काय दिसतंय यावरून फरक ओळखता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसांत घाई करायची आणि पुढच्या महिन्यांत धीर धरायचा. बरेच जण नेमकं उलटं करतात: सुरुवातीला ‘बघू, जाईल आपोआप’ म्हणतात आणि सहा महिन्यांनी त्याच ठिपक्यासाठी चौथा डॉक्टर गाठतात.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या, उजेड टिपणाऱ्या थराला, ‘पडदा’ म्हणतात, आणि डोळ्यासमोर सावली आली तरी ‘पडदा आला’ म्हणतात. मोतीबिंदू वाढला तरी तेच. फोनवर ‘आईच्या डोळ्यावर पडदा आलाय’ एवढंच सांगितलं, तर ऐकणारा पुढच्या महिन्यातली तारीख देऊ शकतो. त्यामुळे ‘कालपासून एका डोळ्यात नवे ठिपके आणि चमक आहे’ असं दिवसासकट सांगावं. आणखी एक: काचबिंदूचा या जेलशी संबंध नाही, तो डोळ्याच्या नसेचा आजार आहे.

दह्याला पाणी सुटतं तसं

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यातली मागची पोकळी एका पारदर्शक जेलने भरलेली असते. हे जेल सुमारे ४ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढं. त्यात ९८ ते ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्यात कोलॅजनचे अतिशय बारीक तंतू आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारं हायलुरोनिक आम्ल असतं. तंतू नीट पांगलेले असतात तोवर प्रकाश आरपार जातो.

घट्ट लागलेल्या दह्याचं चौथ्या दिवशी काय होतं ते आठवा. मध्ये पाण्याची खळी तयार होतात, गोळा आकसतो आणि भांड्याच्या कडेपासून सुटतो. डोळ्यात हेच होतं, फक्त त्याला काही दशकं लागतात. जेल जागोजागी पातळ होतं, तंतू एकमेकांना चिकटून गुंते होतात, आणि एक दिवस ते पातळ पाणी जेलच्या मागे शिरून जेल पडद्यापासून सोलल्यासारखं निघू लागतं. गुंत्यांची सावली पडद्यावर पडते, तीच माशी. ती डोळ्याच्या आत असल्यामुळे नजरेबरोबर फिरते आणि जेल डुलेल तशी डुलते.

जास्त नंबरचा मायनस चष्मा असणाऱ्यांत हे दहा-वीस वर्षं आधी घडू शकतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्याला मार, डोळ्याच्या आतली सूज यांनंतरही लवकर होतं. मोबाइल पाहून, रडून किंवा उन्हात फिरून होत नाही.

जेल सगळीकडे सारखं चिकटलेलं नसतं. डोळ्याच्या पुढच्या भागात, पडद्याच्या कडेला, ते इतकं पक्कं बसलेलं असतं की तिथून आयुष्यभर सुटत नाही. डोळ्याच्या नसेच्या तोंडाभोवती, पडद्याच्या मध्यबिंदूपाशी आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवरही पकड असते. नसेच्या तोंडावरची पकड सुटली की तिथला गोल चट्टा जेलबरोबर वर येतो आणि अचानक एक मोठं कडं, अर्धचंद्र किंवा कोळ्यासारखा आकार दिसू लागतो. कागदावर ‘वाइस रिंग’ लिहिलेलं असतं ते हेच. ते दिसलं म्हणजे मागची बाजू सुटली.

चमक कुठून येते? पडद्याला वेदना कळत नाही. त्याला ओढा, दाबा, काहीही करा, तो मेंदूला एकच निरोप पाठवतो: उजेड. जेल ओढतं, पडदा ‘उजेड’ म्हणतो. अंधारात, आणि नजर झटकन वळवली की ती जास्त जाणवते, कारण तेव्हा जेल हिसका देतं. डोळ्यात प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे नाकाकडचा पडदा ओढला गेला तर चमक कानशिलाकडे दिसते. हा उलटेपणा पुढे सावलीच्या बाबतीतही उपयोगी पडेल.

हे तेच आहे का?

उपाशीपोटी पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते दोन्ही डोळ्यांत असतात आणि काही सेकंदांत विझतात. तो रक्तदाबाचा मामला. अर्धशिशीची चमक नागमोडी, तुटक भिंतीसारखी असते, हळूहळू पसरत जाते, वीस-तीस मिनिटं टिकते आणि एक डोळा झाकला तरी दुसऱ्यात दिसतेच. नंतर डोकं दुखेलच असं नाही. निरभ्र आकाशाकडे पाहताना वळवळत पळणारे असंख्य पांढरे बिंदू म्हणजे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. ते सगळ्यांना दिसतात. जेल सुटतानाची चमक मात्र एका डोळ्यात, कडेला, कमानीसारखी आणि निमिषभराची असते. खात्रीसाठी एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावं, न दाबता.

मधुमेह असलेल्यांनी ‘वयामुळे असेल’ हा निष्कर्ष स्वतः काढू नये. त्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आलेल्या असू शकतात आणि त्यातून रक्त आलं तर तेही तरंगत्या धाग्यांसारखंच दिसतं.

नवे ठिपके किंवा नवी चमक सुरू झाली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तपासणी व्हायला हवी. वेळ न बघता निघायचं ते तीन गोष्टींसाठी. एक, कुणी मिरपूड उधळावी तसे शेकडो बारीक ठिपके किंवा पाण्यात शाई सोडल्यासारखे धूर दिसणं: हे रक्त किंवा पडद्याखालचा सुटलेला रंग असतो, आणि रक्त आलेल्या डोळ्यांपैकी निम्म्याहून अधिकांत पडदा फाटलेला सापडतो. दुसरी, कडेकडून सरकत येणारी, नजर फिरवली तरी नजरेच्या त्याच बाजूला राहणारी राखाडी सावली. तिसरी, नजर एकाएकी मंद होणं किंवा सरळ रेघ वाकडी दिसणं. त्यातही सावली खालून वर चढत असेल तर जास्तच घाई करावी. खालची सावली म्हणजे वरचा पडदा सुटतोय, आणि वरून सुटलेल्या पडद्यामागे शिरलेलं पाणी गुरुत्वाकर्षणाने भराभर खाली, मध्यबिंदूकडे उतरतं. मध्यबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. इथे एका दिवसानेही फरक पडतो. दुखत नाही म्हणून थांबू नये. पडदा सुटताना दुखत नाहीच.

तपासणीला जाताना आणि खुर्चीत

चष्म्याच्या दुकानात संगणकावर होते ती तपासणी नंबर सांगते. फाटलेला पडदा तिथे दिसत नाही. ‘सहा बाय सहा दिसतंय, काही नाही’ हे उत्तर या तक्रारीला लागू पडत नाही, कारण कडेला भोक असलेला माणूसही शेवटची ओळ वाचतो. बाहुली थेंबांनी मोठी करून कडेपर्यंत पाहणं आवश्यक आहे. तालुक्याला रेटिना तज्ज्ञ नसेल तर हे काम आधी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे होऊ शकतं. फाटलेलं दिसलं किंवा रक्तामुळे आतलं दिसलंच नाही, तर पुढे पाठवतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो.

गाडी स्वतः चालवत जाऊ नका; परतताना दुचाकी तर नाहीच. काळा चष्मा, टोपी, औषधांची यादी, जुने कागद आणि एक सोबती घ्या. थेंब बहुधा ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिनचे असतात. फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर थेंब घालण्याआधी सांगा. बाहुली उघडायला अर्धा तास लागतो, आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. रात्री त्या डोळ्यात जोरात दुखून उलटी आली आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. लगेच परत जायचं. हे क्वचित होतं.

खुर्चीत झोपवून डॉक्टर डोक्यावर दिवा बांधतात, हातात भिंग धरतात आणि ‘वर बघा, वर-उजवीकडे बघा, उजवीकडे बघा’ असं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवत नेतात. मग एका छोट्या बोथट उपकरणाने पापणीवरून डोळा किंचित आत दाबतात. हे दाबणं नकोसं वाटतं, पण पडद्याची शेवटची कड त्याशिवाय नजरेच्या टप्प्यात येत नाही, आणि बहुतेक फाटे (पडद्याच्या फाटलेल्या जागा) तिथेच असतात. त्या अर्ध्या मिनिटात पापणी आवळून घेऊ नका. दुसरा डोळा उघडा ठेवून छतावरच्या एका बिंदूकडे पाहिलं की सोपं जातं. जेलमध्ये तंबाखूच्या भुकटीसारखे तपकिरी कण दिसले तर डॉक्टर फाटा सापडेपर्यंत शोधत राहतात. रक्तामुळे आत दिसत नसेल तर सोनोग्राफी, तीही पापणीवर जेल लावून.

निघण्यापूर्वी विचारण्यासारखं थोडंच आहे: कड पूर्ण ३६० अंश दिसली का, जेल पूर्ण सुटलंय की अर्धवट, आणि पुन्हा कधी यायचं. कागदावर ‘नो ब्रेक्स’ असेल तर भोक नाही. ‘लॅटिस’ म्हणजे कडेला जाळीदार पातळ पट्टा. तो बऱ्याच लोकांत असतो आणि प्रत्येक लॅटिसला लेसर लागत नाही.

फाटलं असेल तर

नव्या तक्रारी घेऊन आलेल्या शंभर जणांपैकी साधारण दहा ते पंधरा जणांत फाटा सापडतो. जेलची पक्की पकड असलेल्या जागी घोड्याच्या नालेसारखी झडप उचलली जाते. झडपेला जेल लोंबकळत ओढत राहतं आणि फटीतून पातळ पाणी पडद्यामागे शिरतं. चमक असलेला असा नालेचा फाटा तसाच सोडला तर निम्म्या किंवा त्याहून जास्त डोळ्यांत पडदा सुटतो. वेळेत लेसर केला तर हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. एवढा फरक पाडणारे उपचार डोळ्यांच्या शास्त्रात फार नाहीत, म्हणूनच पहिल्या दिवसाचा एवढा आग्रह.

लेसर बसूनच होतो. भूल थेंबांची, डोळ्यावर भिंग, मग हिरव्या उजेडाचे लखलखते ठोके. फाट्याभोवती दोन-तीन ओळींचं कुंपण घालतात. कधी टोचल्यासारखं होतं. पंधरा-वीस मिनिटांत उठता येतं, पण कुंपण त्या क्षणी पक्कं नसतं. चट्टा घट्ट धरायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस धक्के बसणारे खेळ आणि खड्ड्यांतली बाइक टाळलेली बरी. लेसरने माश्या जात नाहीत. चमकही काही दिवस राहू शकते, कारण भोकाला कुंपण पडलं तरी जेलचं ओढणं चालूच असतं.

पडदाच सुटला असेल तर शस्त्रक्रिया, आणि अनेकदा डोळ्यात वायूचा फुगा सोडतात. हा फुगा असेपर्यंत विमानप्रवास बंद. विमानाचं बहुतेक डॉक्टर सांगतात, घाटाचं विचारावं लागतं. मुंबईत शस्त्रक्रिया झालेला माणूस गाडीने लोणावळ्यापर्यंत ६०० मीटरच्या आसपास चढतो, बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, फुगा प्रसरतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. पुण्या-नाशिकच्या रुग्णाने मुंबईहून कधी परतायचं हे शल्यचिकित्सकाला विचारूनच ठरवावं. महाबळेश्वर तर नकोच.

पहिले सहा आठवडे

पहिल्या तपासणीत सगळं ठीक निघालं तरी विषय संपत नाही. जेल अर्धवट सुटलेलं असू शकतं, आणि थोड्या लोकांत फाटा पुढच्या काही आठवड्यांत पडतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा थेंब घालून पाहतात. रक्त किंवा लॅटिस असेल तर त्याही आधी. मधल्या काळात ठिपके अचानक वाढले तर तारखेची वाट पाहायची नाही.

घरी रोज सकाळी एक मिनिट पुरतं. भिंतीवरचं कॅलेंडर हाताच्या अंतरावर घ्या, वाचायचा चष्मा लावा, एक डोळा झाका, मधल्या एका तारखेवर नजर रोवा. चारही कोपरे दिसतात का? चौकटींच्या रेघा सरळ आहेत का? मग नजर तिथेच ठेवून मोकळा हात वर, खाली, दोन्ही बाजूंना ताणून बोटं हलवा, ती चारही दिशांना हलताना दिसली पाहिजेत. नंतर दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा फसते, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो.

अंथरुणावर पडून राहायची गरज नाही. झोपून राहिल्याने जेल सुटायचं थांबतं असं दिसलेलं नाही. वाचन, स्वयंपाक, मोबाइल, फिरणं, वाकून फरशी पुसणं, सगळं चालतं. डोळे चोळू नका. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या हृदयासाठी आहेत आणि त्या बंद करण्याचा धोका मोठा. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस पुढच्या बुबुळावर पडतात, मागच्या जेलपर्यंत पोचत नाहीत. जंतुसंसर्ग मात्र देऊ शकतात. ठिपके विरघळवणारे थेंब किंवा गोळ्या म्हणून जे विकलं जातं, त्याच्यावर खर्च करण्याजोगा पुरावा नाही.

माशीसोबत राहणं

चमक बहुतेकांची काही आठवड्यांपासून काही महिन्यांत विरळ होते. ठिपके पूर्ण जातात असं नाही. तीन ते सहा महिन्यांत ते त्रास देईनासे होतात. गुंता हळूहळू खाली बसतो आणि पडद्यापासून पुढे सरकतो. भिंतीजवळ धरलेल्या बोटाची सावली ठसठशीत पडते, लांब धरलेल्याची फिकट, तसंच. शिवाय मेंदू त्याला वगळायला शिकतो, जसा तो आपलं नाक वगळतो. मात्र दिवसातून वीस वेळा पांढऱ्या भिंतीकडे बघून ‘आहे का अजून’ असं तपासत राहिलं तर हे शिकणं लांबतं.

भर उजेडात बाहुली बारीक होते आणि सावल्या टोकदार बनतात. त्यामुळे पांढरी भिंत, आकाश आणि संगणकाचं पांढरं पान या तीन जागा सर्वांत त्रासाच्या. संगणकाच्या स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाइतका उतरवा, काळी पार्श्वभूमी निवडा, टेबल खिडकीकडे तोंड करून असेल तर फिरवा, बाहेर टोपी आणि रंगीत काचेचा चष्मा वापरा. ओळीवर नेमका गुंता आला तर डोळे एकदा वर-खाली फिरवा. जेल ढवळून तो बाजूला जातो. आडवं फिरवल्याने बहुधा तो तिथेच परत येतो. गाडी चालवताना कडेला कुणी आल्यासारखं वाटून ब्रेक दाबला जातो, म्हणून पहिले काही दिवस रात्री दुसऱ्याला चालवू द्यावं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ठिपके दिसू लागले की शल्यचिकित्सकावर राग निघतो. कधी ठिपके जुनेच असतात; धुळकट काच गेली म्हणून दिसू लागतात. कधी शस्त्रक्रियेनंतर जेल खरोखर लवकर सुटतं. दोन्ही वेळा उत्तर तेच, थेंब घालून कड पाहणं.

सहा महिने उलटूनही वाचन किंवा वाहन चालवणं खरंच अडत असेल, तर दोन मार्ग उरतात. एक लेसर त्या गुंत्यावरच मारतात. डोळ्यातल्या भिंगापासून आणि पडद्यापासून दूर असलेलं सुटं कडं असेल तरच तो जमतो; पसरलेल्या धुक्यावर फारसा चालत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ जणांच्या चाचणीत लेसर घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी बराच फरक पडल्याचं सांगितलं, खोटा लेसर घेतलेल्यांपैकी कुणीही नाही. चाचणी लहान होती. दुसरा मार्ग जेलच काढून टाकण्याचा: अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तीन छिद्रांतून जेल कापून शोषून घेतात आणि क्षारजल भरतात. माश्या जातात, हे खरं. पण पन्नाशीनंतरच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो, काहींचा पडदा सुटतो, आणि क्वचित जंतुसंसर्गाने डोळाच जातो. मंद, पसरलेल्या जाळीमुळे रोजचं काम थांबलेल्याला हा सौदा परवडू शकतो. आकाशाकडे पाहिलं की एक धागा दिसतो, एवढ्यासाठी मुळीच नाही.

दुसऱ्या डोळ्यातही हे होण्याची शक्यता बरीच असते, अनेकदा पुढच्या एक-दोन वर्षांत. तेव्हा माणूस निर्धास्त असतो, कारण ‘मागच्या वेळी काही निघालं नव्हतं’. पण दुसऱ्या डोळ्याची कड पहिल्या तपासणीत त्या दिवशीपुरतीच पाहिलेली असते. तिथे नवी चमक आली की पुन्हा थेंब, पुन्हा अर्धा तास बाकड्यावर बसणं, आणि पुन्हा सहा आठवड्यांनी एक फेरी.